गूगलची लांबच लांब शेपटी

आपल्याकडे एक म्हण आहे, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. म्हणजे मोठं काम उरकलं, आता थोडंसंच बाकी आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर ही म्हण फार ऐकू येते (आणि बहुतेक वेळा हत्ती अजून जागेवरच उभा असतो!). पण सर्च इंजिनच्या दुनियेत एक असा हत्ती आहे की ज्याचं शेपूट त्याच्या अंगापेक्षा मोठं आहे. या शेपटाला म्हणतात ‘लाँग टेल’. ज्यांना ते पकडता येतं त्यांचं दुकान चालतं, बाकीचे हत्तीच्या सोंडेला लोंबकळत बसतात.

आधीच एक सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर पोटात गोळा आला होता. संपादक मंडळींनी सांगितलं, जसं बोलतेस तसं लिही. तेव्हा कीवर्डला मी कीवर्डच म्हणणार. एका मैत्रिणीने ‘कळशब्द’ असा पर्याय सुचवला होता, पण तो ऐकून मला कीबोर्डवरचं बटणच आठवतं. असो.

आपण गूगलच्या चौकोनात जे शब्द टाइप करतो ती झाली क्वेरी. त्या क्वेरीला उत्तर म्हणून आपलं पान वर यावं, यासाठी पान लिहिणारा ज्या शब्दांवर मेहनत घेतो ते कीवर्ड. आणि ही सगळी मेहनत म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, ऊर्फ एसईओ. गूगलला पैसे देऊन जाहिरात वर आणणं ही वेगळी गोष्ट. एसईओमध्ये गूगलला एक पैसाही जात नाही, जातो तो आपला वेळ.

आता एक ग्राफ डोळ्यांसमोर आणा. एक्स अक्षावर सगळ्या क्वेरी, सगळ्यात जास्त विचारल्या जाणारीपासून सगळ्यात कमी विचारल्या जाणारीपर्यंत ओळीने उभ्या. वाय अक्षावर ती किती वेळा विचारली गेली. डावीकडे एक उंच सुळका दिसेल, मग रेष धाडकन खाली येईल आणि नंतर उजवीकडे जमिनीला जवळजवळ टेकून चालतच राहील, चालतच राहील. सुळका म्हणजे ‘हेड’, ती सरपटणारी रेष म्हणजे ‘टेल’. मारुतीच्या शेपटाला चिंध्या गुंडाळता गुंडाळता लंकेतलं कापड संपलं पण शेपूट संपेना, तसं हे.

शेपूट दिसायला बारीक असलं तरी वजनाने किती भरतं, याचा हिशेब आपल्यासारख्यांना सहज जमण्यासारखा आहे. हार्वर्डमध्ये जॉर्ज किंग्जली झिफ नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होते. कुठल्याही भाषेतल्या मजकुरात दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा एकतृतीयांश वेळा, दहावा एकदशांश वेळा, हा नियम त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. सर्चच्या क्वेरीही ढोबळमानाने याच वळणाने जातात. समजा पहिल्या नंबरची क्वेरी १० लाख वेळा विचारली गेली. मग दुसरी ५ लाख वेळा, दहावी १ लाख वेळा आणि दहा लाखावी फक्त एकदा. आता बेरीज करा. ही तर आपली हार्मोनिक सिरीज! १ + १/२ + १/३ असं करत पहिल्या १० पदांची बेरीज होते २.९३. पहिल्या १०० पदांची ५.१९. आणि पूर्ण १० लाख पदांची १४.३९. म्हणजे टॉप टेन क्वेरींच्या वाट्याला एकूण सर्चपैकी फक्त २० टक्के, टॉप १०० घेतल्या तरी ३६ टक्के. उरलेले ६४ टक्के अशा क्वेरींमध्ये विखुरलेले, ज्यांची नावंसुद्धा कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. आणि हार्मोनिक सिरीज डायव्हर्जंट असते हे फर्स्ट इयरला घोकून घोकून पाठ केलेलं आठवतंय ना? म्हणजे जितक्या नव्या क्वेरी येतील तितकं शेपूट जड होत जाणार. गणिताच्या सरांनी तेव्हा हे उदाहरण दिलं असतं तर मी शेवटच्या बाकावरून पुढे येऊन बसले असते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. गूगल स्वतः गेली अनेक वर्षं सांगत आलंय की रोज येणाऱ्या क्वेरींपैकी सुमारे १५ टक्के त्यांनी याआधी कधीच पाहिलेल्या नसतात. कधीच नाही! इतकी वर्षं अख्खं जग प्रश्न विचारतंय, तरी रोज सात प्रश्नांमागे एक कोरा करकरीत. एसईओची साधनं बनवणाऱ्या अहरेफ्स या कंपनीने आपल्या अमेरिकेच्या डेटाबेसमधले कीवर्ड मोजले तेव्हा त्यातले जवळपास ९५ टक्के महिन्याला १० किंवा त्याहून कमी वेळा शोधले जाणारे निघाले.

‘लाँग टेल’ हे नाव लोकप्रिय केलं ते ‘वायर्ड’ मासिकाचे तेव्हाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचा या नावाचा लेख आला आणि २००६ मध्ये पुस्तक. त्यांचा विषय सर्च नव्हता, दुकानदारी होती. गावातल्या पुस्तकाच्या दुकानात कपाटं मोजकी, त्यामुळे तिथे खपणारीच पुस्तकं ठेवावी लागतात. अ‍ॅमेझॉनला कपाटाची अडचण नाही. वर्षातून दोनदा खपणारं पुस्तकही त्यांना परवडतं, आणि अशा लाखो पुस्तकांची विक्री मिळून मोठी रक्कम होते. अँडरसन यांचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अनिता एल्बर्स यांनी २००८ मध्ये आकडे तपासून दाखवलं की ऑनलाइन बाजारातही हिट मालाची पकड सुटलेली नाही. पण सर्चच्या बाबतीत शेपटाची कल्पना टिकली, कारण इथे लोक दुकानात ठेवलेला माल निवडत नाहीत, आपल्या मनातलं वाक्य लिहितात. आणि मनं सारखी नसतात.

एक गैरसमज मात्र जवळजवळ सगळीकडे दिसतो. लाँग टेल कीवर्ड म्हणजे लांबलचक, चार-पाच शब्दांचा कीवर्ड, असं लोक धरून चालतात. अहो, लांबी शेपटीची आहे, शब्दांची नाही! बहुतेक वेळा जास्त शब्दांच्या क्वेरी कमी विचारल्या जातात हे खरं, पण नियम तो नाही. ‘हाऊ टू लूज वेट’ हे चार शब्द आहेत आणि ती अगदी हेडमधली क्वेरी आहे. उलट एखाद्या जुन्या लेथ मशीनच्या सुट्या भागाचा नंबर, एकच शब्द, वर्षातून पाच माणसं शोधणार. ती खरी शेपटी.

मग छोट्या माणसाला शेपटीत फायदा का? पहिलं कारण सरळ आहे, तिथे गर्दी नसते. ‘लॅपटॉप’ या शब्दावर मोठमोठ्या कंपन्या आणि शॉपिंग साइट ठाण मांडून बसल्या आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या लिंक्स लाखांनी. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पेजरँक मांडला तेव्हापासून ‘तुमच्याकडे कोण बोट दाखवतं’ याला गूगलमध्ये वजन आहे. तिथे आपल्यासारख्याची डाळ शिजणार नाही. पण ‘लॅपटॉपवर चहा सांडला कीबोर्ड बदलायचा खर्च’ ही क्वेरी घ्या (होस्टेलवरच्यांना ती अनोळखी नसावी). तिचं नेमकं उत्तर देणारी पानं किती असणार?

दुसरं कारण मला जास्त आवडतं. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक पेपर लिहिला. त्यांची कल्पना अशी की जो शब्द कमी कागदांत सापडतो तो शोधताना जास्त कामाचा. पुढे तिला ‘इन्व्हर्स डॉक्युमेंट फ्रीक्वेन्सी’ असं नाव पडलं. सूत्र एवढंच, एकूण पानं भागिले तो शब्द असलेली पानं, आणि त्याचा लॉग. समजा एकूण १ कोटी पानं आहेत. ‘हॉटेल’ हा शब्द १० लाख पानांत आहे, तर वजन लॉग १०, म्हणजे १. ‘तारकर्ली’ हा शब्द १००० पानांत आहे, तर वजन लॉग १०,०००, म्हणजे ४. एका दुर्मीळ शब्दाने चौपट काम केलं. आजचं गूगल याच्या कितीतरी पुढे गेलंय, पण मुळाशी ही समज आहे की नेमका शब्द हाच माहितीने भरलेला शब्द. (स्टाफरूममधल्या वाचकांसाठी, हे पेपरच्या शीर्षकालाही लागू आहे. ‘अ स्टडी ऑफ कॉंक्रीट’ असं नाव दिलं तर तो पेपर कुणाला सापडणार?)

तिसरं कारण माणसाच्या मनातलं. ‘बूट’ असं शोधणारा काय करणार हे देवालाच माहीत, कदाचित चित्र हवं असेल. ‘पाय रुंद असलेल्यांसाठी ११ नंबर सेफ्टी शूज’ असं शोधणारा माणूस पाकीट हातात घेऊन बसलाय. शेपटीतून माणसं थोडी येतात, पण ती कामाची येतात.

आता तारकर्लीचं नाव आलंच आहे तर मामाची गोष्ट सांगते. मालवणजवळ तारकर्लीला माझ्या मामाचा छोटासा होमस्टे आहे. कर्ज काढून त्याने मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्या. बुकिंग यायचं ते सगळं मोठ्या बुकिंग साइट्सकडून, आणि शंभर रुपयांतले जवळजवळ वीस रुपये कमिशनमध्ये जायचे. हप्ता भरायचा, पोरांच्या फिया भरायच्या, आणि वर हे. म्हणून त्याने कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतली. त्या लोकांनी वचन दिलं होतं, ‘तारकर्ली होमस्टे’ टाकलं की तुम्ही पहिल्या पानावर. वेबसाइट झाली. तिच्या मुख्य पानाचं टायटल होतं ‘होम’. फक्त ‘होम’! खाली पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत चाळीस वेळा ‘तारकर्ली होमस्टे’ लिहिलेलं. हा कीवर्ड स्टफिंगचा आणि लपवाछपवीचा प्रकार इतका जुना आहे की गूगलच्या नियमांत तो स्पॅम म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. शिवाय मेटा कीवर्ड टॅगमध्ये शंभरेक शब्द कोंबलेले. तो टॅग रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

परीक्षा संपल्यावर मी तिकडे गेले होते. मामीकडे फोनजवळ एक वही असते. त्यात दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर आणि चौकशी करणाऱ्यांचे प्रश्न, सगळं एकत्र. ती वही म्हणजे सोन्याची खाण निघाली. कुडाळ स्टेशनवर रात्री उतरलो तर रिक्षा मिळेल का? आजींना जिना चढवत नाही, तळमजल्यावर खोली आणि कमोड आहे का? कांदा-लसूण न घातलेलं जेवण मिळेल का? कुत्रा आणला तर चालेल? पावसाळ्यात स्कूबा असतं का? मामा म्हणाला, “हे रोजचेच प्रश्न गो, यात लिहायचं काय?” पण हेच तर लिहायचं होतं. हे प्रश्न फोनवर विचारणाऱ्या एका माणसामागे गूगलला विचारून गप्प बसणारी कितीतरी माणसं असतात.

आम्ही पाच पानं लिहिली. प्रत्येक पानाला एक विषय, टायटलमध्ये तोच विषय साध्या शब्दांत, आणि पहिल्याच दोन ओळींत खरं उत्तर. पावसाळ्याच्या पानावर स्पष्ट लिहिलं की पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, स्कूबा आणि किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा त्यासाठी येऊ नका, पाऊस बघायला आणि मासे नसलेल्या दिवसातलं मालवणी जेवण जेवायला या. मामाला हे पटेना. गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं? पण चुकीच्या अपेक्षेने आलेलं गिऱ्हाईक खाली जो अभिप्राय लिहून जातं त्याचा त्रास वर्षभर होतो, हे मामीनेच त्याला सांगितलं. तळमजल्याच्या पानावर खोलीच्या दाराची रुंदी, बाथरूममधला पकडायचा दांडा, अंगणातून गाडीपर्यंत किती पायऱ्या, हे सगळं फोटोसकट टाकलं.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. ‘तारकर्ली होमस्टे’ टाकलं तर मामा आजही कुठेतरी मागच्या पानांत आहे, तिथे मोठ्या साइट्सच दिसतात. पण दिवाळीच्या सुमाराला एका कुटुंबाचा थेट फोन आला, आजी व्हीलचेअरवर होत्या, आणि त्यांनी ते तळमजल्याचं पान वाचलं होतं. चार रात्री राहिले. कमिशन शून्य. त्यानंतर असे फोन अधूनमधून येत राहिले, आणि मामा आता वहीत प्रश्न स्वतः लिहितो.

सगळ्यांकडे मामीची वही नसते, तेव्हा कीवर्ड शोधायचे कुठे? गूगलच्या चौकोनात अर्धं वाक्य लिहून थांबा, खाली सूचना येतात. ही सोय २००४ मध्ये गूगल लॅब्समध्ये ‘गूगल सजेस्ट’ नावाने सुरू झाली होती. ‘पीपल ऑल्सो आस्क’चे प्रश्न उघडून बघा. गूगल अ‍ॅड्समध्ये कीवर्ड प्लॅनर आहे, पण जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्यांना तो नेमका आकडा न देता ‘१० ते १००’ अशी रेंज दाखवतो. आणि त्याच्यात शून्य दिसलं म्हणून कीवर्ड टाकून देऊ नका, शेपटीतल्या क्वेरी तिथे शून्यच दिसतात. स्वतःची साइट असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे सर्च कन्सोल. तो फुकट आहे, मागच्या १६ महिन्यांचा डेटा देतो. कुठल्या क्वेरीला तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी नंबर कितवा होता, सगळं. ज्या क्वेरीला तुम्ही बाराव्या-पंधराव्या नंबरवर दिसताय आणि ज्यासाठी तुम्ही मुद्दाम काही लिहिलेलंच नाही, तिथे आधी हात घाला.

मराठीत तर हे शेपूट आणखी लांब होतं, आणि याकडे कुणाचंच फार लक्ष नाही. एक तर लिहायच्या पद्धती. हॉस्टेल, होस्टेल, वसतिगृह, वसतीगृह, शिवाय इंग्रजी अक्षरांत ‘खानावळ’चे चार स्पेलिंग. दुसरं म्हणजे विभक्ती. इंग्रजीत ‘पुणे’ला काही चिकटत नाही. आपल्याकडे पुण्यात, पुण्याला, पुण्याहून, पुण्याचा, पुण्यातल्या, पुण्यातील. मूळ शब्दसुद्धा बदलून जातो. कॉन्व्हेंटमध्ये सामान्यरूप शिकताना मी जेवढी रडले तेवढंच सर्च इंजिनही रडत असणार.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हीच अडचण वेगळ्या वेषात होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने बर्ट हे मॉडेल सर्चमध्ये आणलं तेव्हा त्यांनी स्वतः एक उदाहरण दिलं. क्वेरी होती, ब्राझीलच्या प्रवाशाला अमेरिकेला जायला व्हिसा लागतो का. त्यातला ‘टू’ हा इवलासा शब्द पूर्वी नीट धरला जायचा नाही, आणि उत्तर यायचं ते ब्राझीलला जाणाऱ्या अमेरिकनांसाठी. आपल्याकडे ‘मुंबईहून पुण्याला’ आणि ‘पुण्याहून मुंबईला’ यातला सगळा फरक हून आणि ला यांत आहे. प्रत्यय छाटून नुसतं ‘मुंबई पुणे’ ठेवलं तर दोन्ही एकच. म्हणून मराठीत पान लिहिताना शब्दांचे तुकडे पेरण्यापेक्षा पूर्ण, सरळ वाक्यं लिहावीत असं माझं मत आहे.

शेपटीचा हा मंत्र कळला की माणसाला मोह होतो, प्रत्येक क्वेरीला एक पान काढू या! हा मोह किती महाग पडतो याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली डिमांड मीडिया ही कंपनी. २००६ मध्ये सुरू झाली. त्यांची पद्धत अशी की लोक काय शोधतात, त्यावर जाहिरातदार किती पैसे देतात आणि आधीच किती पानं आहेत, या तीन गोष्टी एका अल्गोरिदममध्ये घालायच्या. त्यातून लेखांची शीर्षकं बाहेर पडायची. मग घरी बसून लिहिणाऱ्या लोकांना एका लेखाला साधारण १५ डॉलर देऊन तो लिहून घ्यायचा आणि ईहाऊसारख्या साइटवर टाकायचा. २००९ मध्ये ‘वायर्ड’ने त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा दिवसाला ४००० लेख आणि व्हिडिओ निघत होते. इंजिनिअर म्हणून बघितलं तर काय सुंदर मशीन! वाचक म्हणून बघितलं तर कचरा. कारण लिहिणाऱ्याने ते काम कधी केलेलंच नसायचं, इतर चार पानं वाचून पाचवं लिहायचं.

जानेवारी २०११ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली आणि सुरुवातीला तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त झाली. पुढच्याच महिन्यात गूगलने पांडा नावाचा बदल आणला. अमेरिकेतल्या ११.८ टक्के क्वेरींवर त्याचा परिणाम झाला, आणि रोख होता तो उथळ मजकुराच्या कारखान्यांवर. पहिल्या फेरीत ईहाऊ वाचली, एप्रिलच्या फेरीत सापडली. कंपनी लगेच बुडाली नाही, पण ते वैभव परत आलं नाही. २०१६ मध्ये तिने नाव बदलून लीफ ग्रुप केलं आणि २०२१ मध्ये ती विकली गेली. आता तेच मशीन एआयच्या मदतीने कुणीही एका रात्रीत उभं करू शकतं, १५ डॉलरही न देता. म्हणून मार्च २०२४ मध्ये गूगलने ढिगाने काढलेल्या निरुपयोगी मजकुराला स्पॅम ठरवणारा नियम आणला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

एकाच प्रश्नाच्या दहा रूपांना दहा पानं काढायची गरजही उरलेली नाही. २०१३ च्या हमिंगबर्डपासून गूगल शब्दांपेक्षा अर्थाकडे बघायला लागलं, २०१५ मध्ये कधीच न पाहिलेल्या क्वेरींसाठी रँकब्रेन आलं. ‘कुत्रा चालेल का’ आणि ‘पाळीव प्राणी नेता येतात का’ याला आज एकच नीट लिहिलेलं पान पुरतं.

आता खरी डोकेदुखी दुसरीच आहे. मे २०२४ पासून अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल निकालांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला लागलं. लांब, प्रश्नार्थक क्वेरींनाच ते जास्त दिसतं, म्हणजे नेमकं शेपटीवरच पाय! अमेरिकेतल्या प्यू रिसर्चने मार्च २०२५ मधला सर्चचा डेटा तपासला, तेव्हा एआयचं उत्तर दिसलं असेल तर खालच्या निकालावर क्लिक होण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, नसेल तर १५ टक्के. जवळजवळ निम्मं. ‘पावसाळ्यात स्कूबा असतं का’ याचं उत्तर वरच मिळालं तर मामाच्या पानावर कोण येईल? पण दाराची रुंदी वाचून झाल्यावर खोली बुक करायला फोन करावाच लागतो. ज्या शेपटीच्या शेवटी काहीतरी कृती आहे, विकत घेणं, राहायला जाणं, दुरुस्त करून घेणं, ती टिकेल असं मला वाटतं. नुसती माहिती विकणाऱ्यांचं कठीण आहे.

आणि हो, शेपटीची एक काळी बाजूही आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांसाठी सुमारे साडेसहा लाख लोकांच्या तीन महिन्यांतल्या जवळजवळ दोन कोटी क्वेरी नेटवर टाकल्या. नावं काढून नुसते नंबर ठेवले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांत त्यातल्या एका नंबरमागची बाई शोधून तिचं दार वाजवलं. गावातले बागकाम करणारे, एकाच आडनावाची माणसं, घाण करणारा कुत्रा, एवढ्यावरून! ‘हवामान’ शोधणारे लाखो असतात, पण आपल्या आयुष्याला चिकटलेली क्वेरी फक्त आपलीच असते. एओएलने माफी मागितली, त्यांच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला, पण उतरवून घेतलेल्या फाइल्स थोड्याच परत येतात. सर्च कन्सोलमध्ये अगदी कमी लोकांनी विचारलेल्या क्वेरी गूगल दाखवत नाही, त्या फक्त बेरजेत धरल्या जातात, त्याचं कारण हेच. तेव्हा बेरीज जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसू नका.

ज्यांच्याकडे या वर्षी टेकफेस्टच्या वेबसाइटचं काम आहे, त्यांनी एवढं जरूर करावं. ‘इव्हेंट्स’ या एका पानात तीस स्पर्धांची पीडीएफ लटकवू नका. रोबो रेसचं पान वेगळं करा, टायटलमध्ये कॉलेजचं नाव, गाव आणि वर्ष लिहा, आणि बाहेरगावची मुलं दरवर्षी फोन करून जे विचारतात ते पहिल्या चार ओळींत टाका, की बॉटचं वजन किती चालेल, टीममध्ये किती जण, डिप्लोमाची मुलं चालतील का, आणि रात्री होस्टेलवर राहायची सोय होईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिण्याआधी रेक्टर सरांना विचारून घ्या.